ऑपरेशननंतरची वर्षं

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी करायला येणारं माणूस सहसा एकटं येत नाही. बरोबर आई असते, नवरा असतो, कधी मोठी बहीण. आणि ‘किती किलो कमी होतील?’ हा प्रश्न बहुतेक वेळा सोबतच्या माणसाकडूनच येतो. जिचं ऑपरेशन व्हायचं ती गप्प असते. मी पुण्यातल्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. या रुग्णांना ऑपरेशनच्या आधी भेटायचं आणि नंतर, ते येत राहिले तर, वर्षानुवर्षं भेटत राहायचं, हे माझं काम. म्हणून ‘मला हिच्याशी जरा एकटीशी बोलू द्या’ असं मी सुरुवातीलाच सांगते. आई थोडी नाराज होऊन बाहेर बसते. दार लागल्यावर काही वेळ बोलणंच होत नाही. मग हळूहळू जे बाहेर येतं त्यात किलो नसतात. रात्री गुदमरून जाग येते. एक मजला चढला की गुडघे बोलायला लागतात. पाळी महिनोन्महिने येत नाही. भाचीच्या लग्नाला गेले नाही, फोटो काढतात म्हणून. आणि कधीकधी हेही बाहेर येतं की तिला स्वतःला ऑपरेशन नकोच आहे. स्थळं परत जातात म्हणून घरच्यांना हवं आहे.

लग्न जमावं म्हणून जठराचा मोठा भाग कायमचा काढून टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी त्या आईलाही सांगते. हे आजारावरचं ऑपरेशन आहे. आजार असेल तर मात्र ते टाळण्यातही अर्थ नाही. दोन्ही गोष्टी तितक्याच जोराने सांगायला हव्यात, कारण आपल्याकडे दोन्ही बाजूंनी चूक होते. ज्यांना गरज नाही त्यांना जाहिरात ओढून नेते, आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना ‘तोंडावर ताबा ठेव, रोज चाल, आपोआप उतरेल’ असं सांगत घरचे दहा वर्षं घालवतात.

तोंडावर ताबा ठेवून खूप वाढलेलं वजन उतरत नाही असं नाही, पण ते उतरलेलं राहत नाही. याचं कारण आळस नाही. वजन घटलं की शरीर कमी उष्मांकात काम भागवायला शिकतं, भूक वाढवणारी संप्रेरकं वर जातात, पोट भरल्याची जाणीव देणारी खाली येतात. उपाशी राहून आठ किलो उतरवलेली बाई वर्षभरात दहा किलो परत मिळवते तेव्हा ती तिच्या शरीराशी हरलेली असते, आणि घरात मात्र तिला खादाड म्हटलं जातं. शस्त्रक्रिया चालते ती केवळ पोट लहान झाल्यामुळे नव्हे. जठराचा जो वरचा भाग काढतात तिथे घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं. आतड्यांतून येणारे संदेशही बदलतात. वजन फारसं उतरायच्या आधीच साखर खाली येताना आम्ही पाहतो ते यामुळे. अमेरिकेतले सर्जन वॉल्टर पोरीज यांनी 1995 मध्ये मधुमेहावरचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले तेव्हा निबंधाचं शीर्षकच ‘असं कुणाला वाटलं असतं?’ अशा अर्थाचं दिलं होतं.

कुणी करावी, याचा पहिला हिशेब बीएमआयचा, म्हणजे वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईचा बीएमआय 35 होतो तो साधारण 87 किलोला, 40 होतो 99 किलोच्या आसपास. जगभर अनेक वर्षं 1991 सालचा अमेरिकी निकष चालला: 40च्या वर, किंवा 35च्या वर आणि सोबत मधुमेह, रक्तदाब यांसारखा आजार. पण हा आकडा आपल्या अंगाला जसाच्या तसा लागू होत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय माणसाच्या आत किती चरबी असू शकते हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. म्हणून आशियाई लोकांसाठी मर्यादा खाली आणल्या गेल्या. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी निकष बदलले: 35च्या वर इतर आजार नसला तरी शस्त्रक्रियेचा सल्ला, 30 ते 35मध्ये चयापचयाचा आजार असेल तर विचार, आणि आशियाई रुग्णांना 27.5पासून शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा.

पर्याय द्यावा याचा अर्थ करायलाच हवी असा नव्हे. अठ्ठावीस बीएमआयच्या, साखर गोळ्यांवर आटोक्यात असलेल्या माणसाला ‘तुम्ही निकषात बसता’ असं सांगून तारीख देणं मला पटत नाही. तिथे औषधं, आहार, झोप, व्यायाम यांना पुरता वेळ दिला आहे का, हे आधी पाहायला हवं.

आता प्रत्यक्ष करतात काय. अजूनही निम्म्या लोकांना वाटतं की चरबी शोषून काढतात. ते वेगळं, आणि त्याने मधुमेह बरा होत नाही. स्लीव्ह नावाच्या प्रकारात दुर्बिणीतून जठराचा सुमारे पाऊण भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. हे परत फिरवता येत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम दोन टेबलस्पून मावतील एवढी पिशवी करून तिला लहान आतड्याचा पुढचा भाग जोडतात. अन्न मधला टप्पा वगळून जातं. मिनी बायपास हा त्याचाच एक जोड असलेला प्रकार, आपल्याकडे बराच केला जातो. कुठलं करायचं ते शेजारणीला काय केलं त्यावरून ठरवू नये. घशाशी आंबट येतं, छातीत जळजळते अशी जुनी तक्रार असेल तर ती सर्जनला आवर्जून सांगा, कारण स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते. आधी एंडोस्कोपी करतात का, हे विचारा. मधुमेह जुना असेल तर बायपासचा विचार वेगळ्या अंगाने होतो.

2011मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत वजनाची शस्त्रक्रिया करून घेतली, त्याच्या बातम्या आल्या आणि महाराष्ट्रात तालुक्याच्या गावापर्यंत या ऑपरेशनचं नाव पोहोचलं. त्याचा फायदा झाला, भीती कमी झाली. पण भीतीबरोबर सावधपणाही कमी झाला की काय, अशी मला शंका येते. जोखीम लहान आहे, शून्य नाही. अमेरिकेत 2009मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पहिल्या तीस दिवसांतला मृत्यूदर 0.3 टक्के होता, म्हणजे हजारात तीन. टाक्यांतून गळती आणि पायातल्या शिरांत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं ही दोन मोठी भीतीची कारणं. म्हणून त्याच संध्याकाळी उठवून चालवतात. घरी गेल्यावर नाडी जलद लागली, ताप आला, पोट किंवा डावा खांदा दुखू लागला, धाप लागली, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून घरगुती उपाय करत रात्र काढू नये. ऑपरेशन झालं त्या रुग्णालयात लगेच यावं.

आणि तंबाखू. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर गावाकडची बाई ‘छे छे’ म्हणते. ‘मशेरी लावता का?’ असं विचारलं की मान हलते. ‘ती काय, दात घासायला.’ मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, आणि बायपासनंतर जोडाच्या जागी व्रण होण्याचं धूम्रपान हे एक मोठं कारण आहे. विडी, सिगारेट, गुटखा, मशेरी, सगळं आधी काही आठवडे बंद, आणि नंतर कायमचं बंद. मशेरी सुटता सुटत नाही, डोकं दुखतं, शौचाला होत नाही, हे मला माहीत आहे. पण ती सुटल्याशिवाय तारीख घेऊ नका.

माझा बहुतेक वेळ जातो तो जेवणावर. ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे अगदी कमी उष्मांकाचा, बराचसा पातळ आहार असतो. त्याने यकृतातली चरबी उतरते, यकृत आकसतं आणि सर्जनला मागचं जठर नीट दिसतं. ‘आता शेवटचं खाऊन घेऊ’ म्हणून त्याच दिवसांत मिसळ आणि बिर्याणी चापून येणारे असतात. त्यांच्यावर रागावण्यापेक्षा ते यकृत टेबलावर कसं आडवं येतं हे सांगितलं की पटतं. नंतर पहिले काही दिवस नुसते पातळ पदार्थ: ताक, मुगाच्या डाळीचं गाळलेलं पाणी, पातळ सूप, प्रथिनांची पावडर घातलेलं दूध. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दीडदोन महिन्यांनी घरचं नेहमीचं जेवण, पण अगदी थोडं.

थोडं म्हणजे किती, हे सांगून कळत नाही. साताऱ्याकडच्या एका काकूंनी यासाठी देवघरातली नैवेद्याची चांदीची वाटी काढली होती. तिच्यात दोन चमचे मऊ भात, वर घट्ट वरण, कडेला अर्धं उकडलेलं अंडं कुस्करून. ते संपायला अर्धा तास. एक घास, चमचा खाली, चावायचं, थांबायचं, मग दुसरा. जेवताना पाणी नाही; जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट. आयुष्यभर उभ्याउभ्याने, सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं दहा मिनिटांत संपवायची सवय असलेल्या बाईला सगळ्यात जड गेलं ते बसून जेवणं. सुनेने पाट मांडून दिला आणि ‘तुम्ही उठायचं नाही’ असं बजावलं, तेव्हा कुठे ते जमलं. आमच्या यादीतल्या कुठल्याही सूचनेइतकीच त्या सुनेची मदत मोलाची होती. घरात स्वयंपाक कुणाच्या हातात आहे, ते माणूस मी म्हणूनच ऑपरेशनच्या आधी बोलावून घेते.

प्रथिनांचा हिशेब आपल्या शाकाहारी घरांत अवघड असतो. दिवसाला किमान साठ ग्रॅम लागतात. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात साधारण सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. पातळ वरणाच्या वाटीत फारच कमी. वरण हे आपल्याला वाटतं तेवढं प्रथिनांचं अन्न नाही, त्यात पाणीच जास्त. म्हणून आधी पनीर, अंडं, उसळ, दही. मग जागा उरली तर भाकरीचा पापुद्रा. पोळी आणि भात हा ज्यांच्या जेवणाचा कणा, त्यांना हा क्रम उलटा वाटतो, आणि तो अंगवळणी पडायला महिने जातात.

मग येतात उपास. पहिले काही महिने उपास करू नका, हे मी हात जोडून सांगते. त्यानंतरही बायका म्हणतात, ‘चतुर्थी मोडायची नाही, मॅडम.’ मीही मोडायला सांगत नाही. साबुदाण्याच्या खिचडीत नुसता स्टार्च, आणि तो चिकट गोळा लहान झालेल्या पोटात अडकतो. त्याऐवजी दाण्याची पातळ आमटी, दही, ताक, पनीर, राजगिऱ्याची दुधातली लापशी असा उपास बसवता येतो. नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या पाण्यावर, हे मात्र आता या शरीराला झेपणारं नाही.

आणि पंगतीतला आग्रह. बायपास झालेल्या एका गृहस्थांनी पुतण्याच्या मुंजीत वाढणाऱ्याचा मान राखायला दोन जिलब्या खाल्ल्या. पंधरा मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा, डोळ्यांपुढे अंधारी. मांडवात सगळ्यांना हार्ट अटॅक वाटला. याला डम्पिंग म्हणतात: गोड पदार्थ एकदम लहान आतड्यात उतरतो आणि शरीर गडबडतं. थोडं आडवं झाल्यावर ते ओसरलं. तेव्हापासून त्यांची बायको प्रत्येक कार्यात आधीच यजमानांना सांगून ठेवते. आपल्याकडे नको म्हणणं हा अपमान मानतात, त्यामुळे हे सांगणारं कुणीतरी बरोबर असावं लागतं.

पहिलं वर्ष तसं सोपं. वजन झपाझप उतरतं, जुने कपडे सैल होतात, लोक वळून बघतात, रुग्ण दर वेळी आनंदाने तपासणीला येतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठ मूठ गळतात, त्याने बायका घाबरतात. बहुतेकींचे पुन्हा येतात, प्रथिनं नीट असतील तर. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून काही महिने त्याच्या गोळ्या देतात. हे सगळं निभावतं. माझी काळजी सुरू होते ती दुसऱ्या वर्षानंतर, म्हणजे जेव्हा माणूस बरा झालेला असतो आणि येणं थांबवतो.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या ही ऑपरेशननंतरची तात्पुरती औषधं नाहीत. कॅल्शियम, ड, बी-12, लोह, मल्टिव्हिटॅमिन. हे कायमचं आहे. बी-12 तर आपल्याकडे शाकाहारी माणसांत आधीच कमी असतं. गोळ्या सोडल्या तर लगेच काही बिघडत नाही, शरीरातला साठा पुरतो, आणि तिथेच फसगत होते. दोनतीन वर्षांनी पायाला मुंग्या येतात, थकवा जात नाही, हिमोग्लोबिन सातवर आलेलं असतं. गावचे डॉक्टर वयाचं म्हणतात, कुणी मणक्याचा एमआरआय काढायला सांगतं. ऑपरेशनची आठवण ना रुग्णाला राहते ना घरच्यांना. आणखी एक गोष्ट: ऑपरेशननंतर उलट्या होत राहिल्या तर ‘पोट लहान झालंय, होणारच’ म्हणून बसू नका. बी-1 जीवनसत्त्व काही आठवड्यांत संपतं आणि मेंदूला इजा होते. तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं, भ्रम होणं ही त्याची लक्षणं. वेळेत सलाइनमधून थायमिन दिलं तर ते टळतं.

तरुण मुलींना एक सूचना स्पष्ट द्यावी लागते. वजन उतरताच पाळी नियमित होते आणि वर्षानुवर्षं न राहिलेला गर्भ चटकन राहू शकतो. पहिलं वर्ष-दीड वर्ष मात्र दिवस जाऊ देऊ नयेत. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून आधीच ठरवावा. सासूसमोर हे विषय निघत नाहीत, म्हणूनही ती दार लावून होणारी भेट लागते.

मनाबद्दल फार कमी बोललं जातं. 2007मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बायपास झालेल्यांमध्ये आजारांमुळे होणारे मृत्यू बरेच कमी झाले, पण अपघात, आत्महत्या अशा इतर कारणांचे मृत्यू 58 टक्क्यांनी जास्त होते. दारूचाही धोका वाढतो: बायपासनंतर ती रक्तात पटकन चढते, आणि काहींना व्यसन दुसऱ्या वर्षी लागतं. ज्यांनी दुःख जेवणावर रेटलं होतं, त्यांच्याकडून जेवण काढून घेतलं की ते दुःख कुठेतरी जाणारच. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाची भेट ही फाइलमधला एक कागद समजू नका. सैल लोंबणारी त्वचा, बदललेल्या शरीराकडे वेगळ्या नजरेने बघणारा नवरा, ‘आता किती म्हातारी दिसतेस’ म्हणणारी नणंद, हे सगळं ज्याच्याशी बोलता येईल असं माणूस आधीच शोधून ठेवावं.

मग एवढं सगळं करून मिळतं काय? खूप मिळतं, आणि ते मी रोज पाहते. स्वीडनमध्ये 1987मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार आणि न झालेल्या तितक्याच लोकांची तुलना होती. सरासरी अकरा वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे 24 टक्क्यांनी कमी निघालं. रात्री श्वासाचं मशीन लावून झोपणारी माणसं मशीन कपाटात ठेवतात. इन्शुलिन सुटतं. पण ‘मधुमेह मुळापासून जातो’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका. क्लीव्हलँडच्या एका प्रसिद्ध चाचणीत पाच वर्षांनंतर एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, सहा किंवा त्याखाली राहिलेले बायपासमध्ये 29 टक्के होते, स्लीव्हमध्ये 23, नुसत्या औषधांवर 5. औषधांपेक्षा कितीतरी सरस, आणि तरीही शंभरातले सत्तरहून अधिक त्या रेषेच्या वरच. मधुमेह लवकरच्या वर्षांत असताना केलेल्या ऑपरेशनला यश जास्त.

वजनही थोडं परत येतं, साधारण दोन वर्षांनंतर, बहुतेकांचं. ते पाचसहा किलो आल्यावर रुग्ण लाजून तपासणी टाळतो. नेमकं तेव्हाच यायला हवं. आता तर मदतीला इंजेक्शनंही आहेत. माउंजारो मार्च 2025मध्ये आणि वेगोवी जून 2025मध्ये भारतात आलं, आणि तेव्हापासून ‘ऑपरेशन की इंजेक्शन’ हा प्रश्न रोजचा झाला आहे. मध्यम स्थूलतेत इंजेक्शन आधी वापरून पाहावं हे मला योग्य वाटतं. पण वेगोवीतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या अभ्यासात ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला होता, हे लक्षात ठेवून दर महिन्याचा खर्च किती वर्षं जमेल याचा हिशेब घरी मांडावा.

ऑपरेशनचा खर्च काही लाखांत जातो. विमा नियामकाच्या नियमांनुसार स्थूलतेची शस्त्रक्रिया विम्यात बसते ती बीएमआय 40 किंवा त्याहून अधिक असेल तर, किंवा 35 वा त्याहून अधिक असून सोबत हृदयविकार, झोपेतला गंभीर श्वासरोध किंवा आटोक्याबाहेरचा मधुमेह असेल आणि साधे उपाय करून झाले असतील तर. वय अठरा पूर्ण हवं. वैद्यकीय निकष 2022मध्ये खाली आले. विम्याचा मात्र तिथेच आहे. ‘मग दोन किलो वाढवून येऊ का?’ असं विचारणारे मला भेटतात. ज्याला डॉक्टर आजारी म्हणतात आणि कंपनी म्हणत नाही, त्याला मी तरी काय उत्तर देणार? पॅकेजमध्ये काय येतं हे विचारताना तपासण्या, गोळ्या आणि पुढच्या पाच वर्षांचा फॉलोअप यांचा खर्च वेगळा लिहून घ्या. आणि सर्जनला विचारा की पाच वर्षांपूर्वी ऑपरेशन केलेल्यांपैकी किती जण आजही तुमच्याकडे येतात. हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. चांगल्या सर्जनला तो आवडतो. जमलं तर त्यांच्यातल्या एकाला भेटवा म्हणावं, पण नुकतंच वजन उतरलेल्याला नको, चौथ्या-पाचव्या वर्षातल्याला.

घरी जाताना आम्ही रुग्णाला एक कार्ड देतो, मराठीत आणि इंग्रजीत. त्यावर ऑपरेशनचं नाव, तारीख, आणि खाली ठळक अक्षरांत: दुखण्यावर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा तशा जातीची गोळी-इंजेक्शन देऊ नये, जठराच्या जोडाला व्रण होतो; नाकातून पोटात नळी घालायची झाल्यास आधी सर्जनला फोन करावा. गुडघा दुखला की गावातल्या दवाखान्यात पहिलं इंजेक्शन बहुधा डायक्लोफेनॅकचंच मिळतं. ते कार्ड फाइलमध्ये ठेवू नका. पर्समध्ये ठेवा, मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढा, आणि एक प्रत घरातल्या त्या माणसाकडे द्या, जे तुम्हाला दवाखान्यात घेऊन जाईल.